ओल्याखाली कोरडी खोली

बेडरूमच्या भिंतीवर डाग दिसला त्या दिवशी मी त्याच्या कडेनं शिसपेन्सिलीनं रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. मी एका दवाखान्याचं भांडार सांभाळते. कुठली वस्तू कधी आली, कधी संपेल, कुणी उचलली, हे लिहून ठेवल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. घरीही तेच. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर सरकला, तेव्हा मी दुसरी रेघ मारली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, डाग काही थांबेना. फेब्रुवारीपर्यंत एकाबाहेर एक अशा सहा रेघा झाल्या आणि रंगाचे पोपडे गादीवर पडायला लागले.

नवरा म्हणाला, "पंचगंगेसारखी इशारा पातळी कुठली आणि धोका पातळी कुठली, तेवढंही लिहून टाक."

मी हसले नाही. भिंतीतल्या कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला होता.

राजारामपुरीतली आमची बिल्डिंग बारा घरांची. सोसायटीची सेक्रेटरी मी, गेली अकरा वर्षं. दुसरं कुणी हे काम अंगावर घेत नाही, आणि मला ते आवडतं. घरात तोडफोड करायची तर आधी अर्ज, सोबत नकाशा, मग परवानगी, हा नियम माझाच. बिल्डिंग बांधणाऱ्या गवंड्यानं मला एक साधं सूत्र सांगितलं होतं: ओल्यावर ओलं, कोरड्यावर कोरडं. बाथरूमच्या डोक्यावर बाथरूम, झोपायच्या खोलीवर झोपायची खोली. एवढं पाळलं की खालचा-वरचा भांडत नाही. ते वाक्य मी नियमावलीत जसंच्या तसं घातलं आहे.

त्या सूत्राप्रमाणे माझ्या भिंतीचं उत्तर सरळ होतं. वर कोरडी खोली, म्हणजे पाणी वरून येत नाही. भिंतीपलीकडे शेजारच्या काकांचं बाथरूम. म्हणजे पाणी तिकडून.

वरच्या घरात माझी मैत्रीण राहते. बिल्डिंग नवी होती तेव्हा आम्ही दोघी एकाच आठवड्यात राहायला आलो. तिचा गॅस जोडून मिळाला नव्हता म्हणून पहिले चार दिवस तिचा स्वयंपाक माझ्या ओट्यावर झाला. तेव्हापासून वीस वर्षं दर एप्रिलला आमची वर्षाची चटणी एकत्र. मसाल्याची यादी मी करायची, मिरची-मसाला कुटायच्या डंकावर पाटी घेऊन मी बसायचं, आणि तिनं चिमूटभर जिभेवर टाकून सांगायचं, "लसूण कमी पडलाय बघ." तिचं कधी चुकलं नाही. ती मला गॅलरीतून हाक मारते ती "सेक्रेटरीबाई" अशीच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे, तिच्या घराची माझ्याकडे. तिच्या मुलाचं लग्न सव्वा वर्षापूर्वी झालं, तेव्हा आहेरापासून वाढप्यांपर्यंत सगळ्या याद्या माझ्या हातच्या होत्या.

काका-काकू माझ्याच मजल्यावर, शेजारी. काकांचा शाहूपुरीत गुळाचा व्यापार होता, तो आता मुलगा बघतो. जैन घर. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकणारं. पाणी विहिरीचं, तेही गाळल्याशिवाय प्यायचं नाही. आमच्या कंपाउंडमध्ये बिल्डिंगच्या आधीची एक विहीर आहे. काका रोज सकाळी तिथून कळशी भरून आणतात, काकू दुहेरी फडक्यातून पाणी गाळतात. फडक्यात जे राहतं त्यात जीव असतात, ते मरू नयेत म्हणून ते थोड्या पाण्यात खळाळून, ते पाणी परत विहिरीतच हळू सोडायचं, अशी त्यांची रीत. काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या वॉकरवर आल्या. जिना उतरणं बंद झालं. मग त्या ते पाणी गॅलरीच्या कोपऱ्यातल्या एका निळ्या टबात ठेवायच्या आणि काका संध्याकाळी टब खाली घेऊन जायचे.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला फक्त टब दिसला.

तोही मला माझ्या मैत्रिणीनं दाखवला. तिच्या गॅलरीतून खाली वाकून म्हणाली, "अगं, ते बघितलंस का? काकू रोज सकाळी त्या कोपऱ्यात पाणी ओततात. तुझ्याच भिंतीला लागून आहे की तो कोपरा."

मी लिहून घेतलं.

पुढचे दोन महिने मी ज्या पद्धतीनं दवाखान्यात मुदत संपलेली औषधं शोधते, त्या पद्धतीनं काकांचं घर तपासलं. त्यांच्या बाथरूमचा नळ, सिंकखालचा पाइप, गॅलरीचा उतार. काकांनी प्रत्येक वेळी दार उघडलं, दिवा लावून दिला. काही सापडलं नाही. त्यामुळे माझी खात्री आणखी वाढली, कारण सापडत नाही म्हणजे ते फरशीच्या खाली आहे. कमिटीपुढे मी मुद्देसूद टिपण ठेवलं. चौथा मुद्दा: गॅलरीत टब ठेवून दररोज पाणी सांडले जाते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मैत्रीणही कमिटीत होती. तिनं तर म्हटलं, "काकांना त्रास व्हायला नको, पण भिंत तरी किती दिवस सोसणार?"

नोटीस निघाली. बाथरूमची फरशी फोडून पाइप तपासावा, सोसायटीचा गवंडी सोमवारी येईल. सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे एक प्रत काकांना, एक जिन्याखालच्या फलकावर.

त्या संध्याकाळी काका माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"ताई, फोडा की. माझी हरकत न्हाय. पण हिला आठ दिवस कुठं नेऊ? तिला बसायची खुर्ची त्याच बाथरूममध्ये बसवलीय. मुलाच्या घरी जिना हाय. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय." थोडं थांबून म्हणाले, "एकदा खात्री करा. मग फोडा."

"काका, खात्री झालीय."

"तुमची झालीय. भिंतीची करा."

मी दार लावलं तेव्हा नवरा जेवत होता. तो वारणानगरच्या एका कॉलेजात शिकवतो, रोज येऊन-जाऊन. त्यानं मान वर न करता सांगितलं की स्टाफरूममध्ये परवा एकाचा विषय निघाला होता. साखर कारखान्यांत इलेक्ट्रिक पॅनेल आणि वाफेच्या लाइनी तपासणारा माणूस. त्याच्याकडे उष्णता दिसणारा कॅमेरा आहे, रविवारी घरांची गळतीही शोधून देतो. न फोडता.

"रविवारी बोलाव," मी म्हटलं. म्हातारा माणूस दारात उभा राहून गेला होता, त्याचं शंका-समाधान करून टाकावं, एवढाच माझा विचार होता. सोमवारचा गवंडी मी रद्द केला नाही.

रविवारी सकाळी नऊला तो आला. चाळिशीचा, खिशाला तीन पेनं, हातात पिस्तुलासारखी मूठ असलेलं यंत्र. तोवर बिल्डिंगभर बातमी झाली होती की एक कॅमेरा येणार आहे आणि त्यातून आरपार दिसतं. तळमजल्यावरच्या वहिनींनी पडदे लावून घेतले. समोरच्या घरातल्या आजी दारातच अडवून म्हणाल्या, "कपड्यातनं बी दिसतंय म्हणं. खरं काय?"

"आजी, कपड्यातनं न्हाय दिसत," तो म्हणाला. "ताप आला असला तर कपाळ दिसंल."

"मग कपाटातलं?"

"कपाटाचं दार दिसंल."

आजींचा विश्वास बसला नाही. त्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचूनच माझ्या बेडरूममध्ये आल्या. काका आले, दाराशी उभे राहिले. मैत्रीण आली ती हातात शेंगदाणे-गूळ घेऊन. "पावणं, खावा आधी," म्हणाली. "ह्या बाईंच्या घरात यादीशिवाय काही मिळायचं न्हाय."

तो हसला, दोन दाणे तोंडात टाकले आणि काम सुरू केलं. मला शाळेतले अवरक्त किरण आठवत होते, पण पुस्तकातले. त्यानं ते दोन वाक्यांत सांगितलं. प्रत्येक वस्तू आपल्या अंगची ऊब बाहेर टाकत असते. त्या उबेचे किरण डोळ्याला दिसत नाहीत, ह्याला दिसतात. हा त्याचे रंग करून दाखवतो. गार ते निळं-जांभळं, ऊबदार ते पिवळं. "एक ध्यानात ठेवा मॅडम, ह्याला पाणी दिसत न्हाय. भिंतीच्या आतलं बी दिसत न्हाय. भिंतीच्या अंगावरची ऊब आणि गारवा, एवढंच दिसतंय. अर्थ आपण लावायचा."

त्यानं कॅमेरा भिंतीवर धरला. मी छोट्या पडद्याकडे बघितलं. माझ्या सहा रेघांच्या आत जेवढं होतं त्याच्या दुप्पट निळं होतं. ज्या भागाला मी कोरडा म्हणत होते, जिथं माझ्या सासूबाईंचा फोटो टांगला होता, तिथपर्यंत जांभळी सावली गेली होती. "वलं आहे सगळं," तो म्हणाला. "वाळताना पाणी गारवा सोडतंय, म्हणून निळं." डोळ्यानं बघावं तर पांढरी भिंत. मी हात लावून पाहिला. हाताला ओल लागली नाही.

"पण बघा, निळं खाली रुंद हाय, वर निमुळतं," तो म्हणाला. "गळती असते तिथं सुरुवात बारीक असती. हे वरनं उतरलंय."

"वरून येणं शक्य नाही," मी म्हटलं. "वर कोरडी खोली आहे. नियमच आहे."

"असंल. पण नियम ह्यात दिसत न्हाय मॅडम."

आजी खुसकन हसल्या. मैत्रीण म्हणाली, "आधी काकांचं बाथरूम बघा की. तिथंच नक्की आहे म्हटल्यावर."

आम्ही सगळे पलीकडे गेलो. काकू कॉटवर बसून होत्या, त्यांनी वॉकर बाजूला ओढून वाट दिली. त्यानं बाथरूमचा कोपरान् कोपरा फिरवला. आमची जी सामाईक भिंत, तिच्या काकांकडच्या बाजूला खालचे दोन हात सगळं एकसारखं हिरवट होतं. निळं होतं ते वरच्या टोकाला, छताला लागून. मग तो गॅलरीत गेला, टबाच्या कोपऱ्यावर कॅमेरा धरला. टबातलं पाणी गार, निळं. टबाच्या भोवतीची फरशी सुकी. काकांनी पडद्यात वाकून पाहिलं आणि ते सरळ उभे राहिले.

परत माझ्या खोलीत. त्यानं कॅमेरा छताच्या कोपऱ्यावर रोखला आणि मैत्रिणीला विचारलं, "ताई, वर ह्या जागेला काय हाय?"

"खोली. माझ्या मुलाची. पलंग आहे आणि कपाट आहे."

"नळ? गिझर, सोलर, काही?"

"तिथं कशाला नळ असेल?"

"नसंल तर नसंल," तो म्हणाला. "दहा मिनिटं थांबू. कधी कधी थांबलं की कळतं."

सव्वादहा वाजले असतील. रविवार. आम्ही उभे होतो, आजी पलंगावर टेकल्या होत्या. मैत्रीण कपाटाच्या आरशासमोर होती. त्यानं गंमत म्हणून कॅमेरा आरशाकडे वळवला आणि दाखवलं की आरशात माणूस दिसतो, चेहरा नाही, नुसती पिवळी-तांबडी ऊब. "ही मॅडम, ही ताई," तो म्हणाला. दोन सारख्याच आकृत्या होत्या. कोण कुठली हे मला ओळखू आलं नाही.

मग त्यानं कॅमेरा परत छताकडे नेला आणि "आलं बघा" म्हणाला.

निळ्याच्या वरच्या टोकाला एक पिवळा ठिपका होता. मघाशी नव्हता. तो ठिपका मोहरीएवढा होता तो वाटाण्याएवढा झाला, मग त्यातून एक बारीक धागा खाली उतरायला लागला. निळ्यातून पिवळा धागा, भिंतीवरून सावकाश. डोळे वर करून बघितलं तर भिंतीवर काहीच नव्हतं. पडद्यात बघितलं तर धागा माझ्या पहिल्या रेघेपर्यंत आला होता.

"गरम पाणी," तो म्हणाला. "वर कोणतरी आंघोळ करायलंय."

वर, आमच्या डोक्यावर, बादली सरकल्याचा आवाज आला. मैत्रिणीची सून रविवारी उशिरा आंघोळ करते, हे मला माहीत होतं. तिला खाली काय चाललंय याची कल्पना नव्हती.

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. आमच्यात तिला एकटीलाच तो बघायची गरज नव्हती.

आजी उठल्या, म्हणाल्या, "चला, कुकर लावायचाय." काकाही गेले. त्यांनी जाताना माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांनी मुद्दाम केलं असावं, मला सोपं जावं म्हणून. कॅमेरेवाल्यानं फोटो माझ्या मोबाइलवर पाठवले आणि नवरा त्याला सोडायला खाली गेला.

"अगं, सांगणारच होते," मैत्रीण म्हणाली.

"कधी?"

"लग्न झालं की सांगायचं ठरवलं होतं."

"लग्न होऊन सव्वा वर्ष झालं."

ती पलंगावर बसली. मग सगळं एका दमात सांगितलं. मुलाचं जमत नव्हतं, एकतीस वर्षांचा झाला होता. एका वास्तुवाल्यानं सांगितलं की त्याच्या खोलीला जोडलेलं बाथरूम ईशान्येला आहे, तेच आडवं येतंय. ते बंद करून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या. दुसरा कोपरा म्हणजे माझ्या कपाटाच्या भिंतीच्या डोक्यावर. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने पुण्यात होते. मी कोल्हापुरात नसताना तिनं ते काम उरकून घेतलं.

"आणि जमलं की नाही लग्न?" ती म्हणाली. "तीन महिन्यांत जमलं."

"अर्ज का दिला नाहीस?"

"दिला असता तर तू परवानगी दिली असतीस?"

मी गादीवर पडलेला रंगाचा पोपडा उचलला.

"बघ. तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी फॉर्म भरावा लागतो. मैत्रिणीला सांगितलं असतं गं. पण मैत्रिणीला सांगितलं की सेक्रेटरीला कळतं."

ते मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. पण मी तिला तेवढ्यावर सोडायला तयार नव्हते.

"टब तू दाखवलास."

तिनं उशीचा अभ्रा सरळ केला.

"माझी भिंत भिजली, ते मी एक वेळ बाजूला ठेवीन. ओल कुठून येतेय हे तुला माहीत होतं, आणि तू मला टब दाखवलास. काकूंचं बाथरूम उद्या फुटणार होतं."

"फोडल्यावर काही सापडलं नसतं. मग आपोआप विषय मिटला असता," ती म्हणाली.

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला वाटलं, हे ती बरेच दिवस स्वतःला सांगत आली असावी.

दुपारी मी तळमजल्यावरच्या वहिनींकडे गेले, कारण मला एक गोष्ट समजत नव्हती. बाथरूम बांधायचं म्हणजे विटा, वाळू, सिमेंटची पोती जिन्यानं वर जातात. पाडलेलं खाली येतं. हे सगळं दोन महिने कुणालाच दिसलं नाही?

वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. "दिसलं की," म्हणाल्या. "सगळ्यांनाच दिसलं. तीच सांगून गेली घरोघरी. तिला फोनवर काही बोलू नका, लेकीचं बाळंतपण आहे, तिकडं बीपी वाढवून घेईल. आल्यावर मी सांगते म्हणाली. आम्हाला वाटलं सांगितलं असेल. तुम्ही दोघी काय, एका ताटातल्या."

"मग नोटीस काढली तेव्हा?"

वहिनींनी कोथिंबिरीची काडी मोडली. "तेव्हा वाटलं, तुम्हाला माहीत असून काढली असेल."

हे ऐकून मी जिन्यातच बसले. अकरा घरांना माहीत होतं. त्यातल्या काहींना वाटत होतं की मी माझ्या मैत्रिणीला झाकायला म्हाताऱ्याच्या बाथरूमवर हातोडा घालतेय. माझी फाइल, माझे मुद्दे, माझ्या तारखा, हे सगळं त्यांनी त्या नजरेनं वाचलं होतं.

संध्याकाळी, त्यांच्या जेवणाच्या आधी, मी काकांकडे गेले. त्यांच्याकडचं फोडकाम रद्द केल्याचं आणि नोटीस मागे घेतल्याचं पत्र टाइप करून नेलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"माझ्या डोक्यावर नसलं तरी शेजारच्या डोक्यावर हातोडा पडत होता. कान हायत मला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी सांगितलं असतं, तर तुम्ही मानलं असतं?"

मी तेव्हाच्या मला ओळखते. म्हटलं, "नाही."

"मग झालं तर."

काकू कॉटवरून म्हणाल्या, "बाकी काही असू दे. ते टबाचं तेवढं काढा. आम्ही पाणी सांडत न्हाय हो. पाण्यातला जीव जाऊ नये म्हणून ठेवतो, आणि तुम्ही लिहिलं सांडतो. फलकावर लिहिलं. येणारा-जाणारा वाचत होता." त्यांनी मग मला सगळी रीत समजावून सांगितली, फडकं कसं, पाणी कसं, विहिरीत कसं सोडायचं. वीस वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी गवंडी आला तो वर गेला. मला सेक्रेटरी म्हणून हजर राहणं भाग होतं. त्या घराच्या हॉलमध्ये आणि ओट्यापाशी माझी वीस वर्षं गेली, पण मुलाच्या खोलीत मी पुण्याहून आल्यापासून पाय टाकला नव्हता. आधी तरण्या मुलाच्या, मग सुनेच्या खोलीत कशाला डोकवायचं, असा माझाच शिष्टाचार. सून कानकोंडी होऊन दाराशी उभी होती. मी आत गेले आणि टाइल्स बघितल्या. फिक्या हिरव्या, मधे एक गडद पट्टा.

त्या टाइल्स मी निवडल्या होत्या. पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी शाहूपुरीतल्या दुकानात गेलो होतो. तिच्या गडहिंग्लजच्या बहिणीकडे बाथरूम करायचंय, तुला मापं कळतात, चल, म्हणाली होती. मी तिनं दिलेली लांबी-रुंदी लिहून घेतली, दाराची जागा वजा केली, फुटतुटीसाठी दहात एक जादा धरली, किती खोकी लागतील त्याची चिठ्ठी करून दिली. पट्टा गडद असावा, डाग दिसत नाहीत, हेही मीच सुचवलं. माझ्या डोक्यावरच्या बाथरूमची यादी माझ्या अक्षरात होती.

गवंड्यानं पहिली टाइल उचकटली. खाली वॉटरप्रूफिंग नव्हतं. घाईत राहून गेलेलं, तो म्हणाला. मैत्रीण माझ्या मागे उभी होती.

पुढच्या रविवारी सभा घेतली. मी कॅमेऱ्याचे फोटो मोठे करून आणले होते. पण फोटो बघायची कुणाची इच्छा नव्हती. सगळे एकमेकांना चहा देत होते. समोरच्या आजींचा मुलगा म्हणाला, "गळती सापडली, काम सुरू झालं, विषय संपला. इतिवृत्तात एवढंच लिहा की."

"कुणाची गळती?" मी विचारलं.

"आता घरातलंच आहे म्हटल्यावर कशाला नावनिशी?"

"काकांच्या वेळी मुद्दे क्रमांकानं लिहिले होते. तेव्हा कुणी घरातलं आहे म्हटलं नाही."

मैत्रीण म्हणाली, "लिहू दे तिला. तिला लिहिल्याशिवाय झोप लागत नाही."

दोघे-तिघे हसले. मी लिहिलं. वरच्या घरात परवानगीशिवाय बाथरूम हलवलं गेलं. गळती तिथली. शेजारच्या घराविरुद्धची नोटीस चुकीची होती, त्यातला टबाचा मुद्दा खोटा होता, आणि तो पुरेशी चौकशी न करता सेक्रेटरीनं लिहिला होता. ही माहिती सभेला हजर असलेल्या बहुतेकांना आधीपासून होती, हे वाक्यही घातलं. ते वाचून दाखवलं तेव्हा चहाचे कप खाली गेले. दोघांनी ते काढा म्हटलं. मी काढलं नाही. मग एकेकानं सही केली, कारण सही न करण्यासाठी कारण लिहावं लागलं असतं.

मैत्रिणीनं सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. "झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं.

काका सभेला आले नव्हते. मी वही घेऊन त्यांच्या दारात गेले आणि तीच पानं फलकावरही लावणार असल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, उभ्या-उभ्या वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. काकूंनी आतून विचारलं, काय लिहिलंय? दार सताड उघडं होतं, सभेवरून परतणारी माणसं जिना चढत होती. काकांनी वही जरा लांब धरली आणि टबाचा मुद्दा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवला. जिन्यावरची पावलं थांबली. काकूंना ऐकू उत्तम येतं.